कार्डाच्या बिलाची तारीख आणि ग्नूकॅश : तीन वर्षांच्या वापरानंतर

क्रेडिट कार्डाचे बिल वेळेवर आणि पूर्ण भरले जावे यासाठी घरगुती हिशेबाचे सॉफ्टवेअर कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न मला पडला तो एका चुकीच्या खुणेमुळे. बँकेच्या ॲपमध्ये बिल आपोआप कापून घेण्याची सोय सुरू करताना दोन पर्याय समोर येतात, ‘एकूण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’. माझ्या बोटाने दुसऱ्या पर्यायावर खूण झाली आणि ती चार महिने तशीच राहिली. दर महिन्याला ‘आपले पैसे मिळाले, धन्यवाद’ असा संदेश येत होता आणि मी निश्चिंत होतो. पहिल्या महिन्याचे बिल १८,६४० रुपयांचे होते आणि त्याचे शेकडा ५ म्हणजे ९३२ रुपये खात्यातून गेले. उरलेल्या १७,७०८ रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने सुमारे ६२० रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे ११२ रुपये धरले, तर भरलेल्या ९३२ रुपयांपैकी मुद्दल कमी झाले ते जेमतेम २०० रुपयांनी. हा हिशेबही मी माझ्या समाधानासाठी सौम्य करून मांडला आहे. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते, आणि बिल पूर्ण न भरल्यामुळे पुढच्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

बँकेला दोष देण्यासारखे यात फारसे नव्हते, कारण स्टेटमेंटवर सगळे छापलेले होते. मी ते उघडून पाहत नव्हतो एवढेच. पैसे आपोआप कापले जाणे म्हणजे हिशेबावर लक्ष असणे नव्हे, हे त्या चार महिन्यांत कळले, आणि ज्या दिवशी पैसे जातील त्याच्या आधी किती जाणार आणि ते गेल्यावर खात्यात काय उरणार हे मला दाखवील असे साधन मी शोधू लागलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेभोवती लाल गोल करून पाहिला. एक्सेलमध्ये तक्ता करून पाहिला, तोही दोन महिने नीट चालला. शेवटी ग्नूकॅश घेतले आणि गेली तीन वर्षे अमळनेरच्या आमच्या घराचा सगळा हिशेब त्यावर आहे. प्रस्तुत परीक्षण त्या पूर्ण सॉफ्टवेअरचे नाही. कार्डाच्या बिलाची आगाऊ नोंद करून ठेवण्याच्या त्यातील सोयीपुरतेच ते आहे.

ग्नूकॅश हे मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले, सॉफ्टवेअर आहे आणि ते विनामूल्य मिळते. त्याची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ मध्ये आली; मी वापरतो ती पाचव्या मालिकेतील आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते आणि हिशेबाची फाइल आपल्याच संगणकावर राहते. खाते उघडा, मोबाइल क्रमांक द्या, संदेश वाचण्याची परवानगी द्या, असे ते काही मागत नाही, आणि अलीकडच्या कितीतरी ॲपच्या तुलनेत मला हीच गोष्ट पहिल्यांदा आवडली. शेअर्सचा हिशेबही त्यात ठेवता येतो. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याची विप्रो झाली आणि त्या शेअर्सची कागदे जुन्या पेट्यांतून जपली गेली, त्या गावात ही सोय वाया जाणार नाही. पण तो आजचा विषय नव्हे.

वेळापत्रकाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करावा लागतो, आणि ग्नूकॅश तो पहिल्याच आठवड्यात दूर करते. कार्डाचे बिल भरणे हा खर्च नाही. खर्च तेव्हाच झाला, जेव्हा कृषी केंद्रात कार्ड घासले गेले. त्या क्षणी ‘शेती : खते’ या खात्यात नावे पडले आणि ‘क्रेडिट कार्ड’ या देण्याच्या खात्यात तेवढीच रक्कम वाढली. महिनाभराने बिल भरले की बँकेचे खाते कमी होते आणि देणे कमी होते. खर्चाच्या खात्याला हात लागत नाही. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना द्विनोंदी पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याचा, हा पहिला धडा वाटेल, पण माझ्या एक्सेलच्या तक्त्यात खताची गोणीही खर्चात होती आणि पुढच्या महिन्याचे कार्डाचे बिलही खर्चातच होते. त्यामुळे आमचे घर कागदावर दीडपट उधळे दिसत असे. ग्नूकॅशमध्ये कार्डासाठी ‘क्रेडिट कार्ड’ असा खात्याचा स्वतंत्र प्रकारच आहे, आणि ते खाते उघडले की रकान्यांची नावेदेखील बदलून ‘चार्ज’ आणि ‘पेमेंट’ अशी येतात. त्यामुळे खरेदी कुठे लिहायची आणि भरणा कुठे, याचा घोळ होत नाही.

आता प्रत्यक्ष वेळापत्रक. ते करण्याचे दोन मार्ग आहेत. एखाद्या महिन्यात बिल भरल्याची जी नोंद खात्यात आधीच आहे, तिच्यावर उजवे बटण दाबून ‘शेड्यूल’ निवडले की तीच नोंद पुढच्या महिन्यांसाठी नमुना होते. दुसरा मार्ग म्हणजे ‘शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन एडिटर’ उघडून नवी नोंद करणे. मला हाच बरा वाटतो, कारण त्यात सगळ्या कळा एका जागी दिसतात. या खिडकीत तीन भाग आहेत. पहिल्यात नाव आणि ‘किती दिवस आधी नोंद तयार करावी’, ‘किती दिवस आधी आठवण द्यावी’ असे आकडे. दुसऱ्यात दर किती काळाने आणि कोणत्या तारखेला, आणि त्याखाली बारीक चौकटींचे कॅलेंडर, ज्यात निवडलेले दिवस रंगून दिसतात. तिसऱ्यात नोंदीचा नमुना, म्हणजे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती.

यातील तारखेच्या भागावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. माझ्या कार्डाचे स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघते आणि भरण्याची मुदत त्यानंतर २० दिवसांची असते. ऐकायला हे ठरीव वाटते, पण देय तारीख ठरीव नसते. १८ मार्चच्या स्टेटमेंटची मुदत ७ एप्रिलला संपते, १८ एप्रिलच्या स्टेटमेंटची ८ मे रोजी, आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर १८ फेब्रुवारीच्या स्टेटमेंटला थेट १० मार्च उजाडतो. ग्नूकॅशला ‘स्टेटमेंटनंतर २० दिवसांनी’ असे सांगता येत नाही. त्याला महिन्याची एक तारीख हवी असते. म्हणून वर्षातली सर्वांत लवकरची देय तारीख धरावी, म्हणजे माझ्या बाबतीत ७, आणि तिच्याआधी तीन दिवस सोडून ४ तारीख द्यावी. ‘नोंद किती दिवस आधी तयार करावी’ येथे मी १४ लिहिले आहे. त्यामुळे ४ तारखेची नोंद आदल्या महिन्याच्या २० किंवा २१ तारखेला समोर येते, म्हणजे स्टेटमेंट हाती पडून दोन-तीन दिवस झालेले असतात आणि आकडा नक्की ठाऊक असतो. मार्चमधल्या भरण्याची नोंद मात्र १८ फेब्रुवारीलाच येते, आणि त्या दिवशी कधी कधी स्टेटमेंट आलेले नसते. तेव्हा ती पुढे ढकलावी लागते. एवढी एक खोच सोडली तर ही मांडणी वर्षभर हात न लावता चालते.

शनिवार-रविवार आला तर नोंद आदल्या किंवा पुढच्या कामाच्या दिवशी सरकवावी, अशीही कळ तारखेच्या भागात आहे. ती मी बंद ठेवली. बँकेतला भरणा सुट्टीच्या दिवशी अडून राहत असे तेव्हा तिचा उपयोग होता. आपल्याकडे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची एनईएफटी सोय १६ डिसेंबर २०१९ पासून वर्षाचे बाराही महिने रात्रंदिवस चालते आणि ठरावीक तारखेला रक्कम कापून घेणारी एनएसीएच प्रणाली १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. तीन दिवसांची मोकळीक आधीच ठेवली असल्यावर रविवारची चिंता उरत नाही.

खरी अडचण रकमेच्या रकान्यात येते, आणि हे परीक्षण लिहिण्याचे कारणही तीच आहे. गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याला सारखा असतो, म्हणून तो एकदा लिहिला की काम झाले. कार्डाचे बिल दर महिन्याला वेगळे. कार्डाच्या खात्यात त्या दिवशी जे देणे असेल तेवढी रक्कम आपोआप घ्यावी, असे ग्नूकॅशला सांगण्याची सोय नाही. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मी चिडलो. सगळ्या खरेद्या त्याच्याजवळ आहेत, बेरीज त्याच्याजवळ आहे, मग रक्कम मीच का टंकावी? त्याऐवजी जी सोय आहे ती अशी की, रकमेच्या जागी आकडा न लिहिता एखादे अक्षर लिहावे. मग नोंद तयार होण्याचा दिवस आला आणि आपण ग्नूकॅश उघडले, की ‘सिन्स लास्ट रन’ नावाची खिडकी पुढे येते, त्या अक्षरासमोर रिकामा रकाना दाखवते आणि आकडा भरल्याशिवाय नोंद करत नाही. अशी अक्षर असलेली नोंद मुकाट्याने आपोआप होऊ शकतच नाही.

चिडचिड ओसरायला दोन-तीन महिने लागले. नंतर लक्षात आले की, माझ्या चार महिन्यांच्या चुकीवर नेमका हाच उतारा होता. तो रिकामा रकाना भरण्यासाठी मला स्टेटमेंट उघडावेच लागते. ‘एकूण देय रक्कम’ या शब्दांपुढचा आकडा डोळ्यांनी वाचून हाताने टंकावा लागतो, आणि टंकताना तो ग्नूकॅशमधल्या कार्डाच्या शिल्लकेशी जुळतो की नाही हे नजरेत येते. गेल्या वर्षी असाच १,१८० रुपयांचा फरक निघाला. शोधताना कळले की, मीच बंद समजत असलेल्या एका सेवेचे वार्षिक शुल्क कार्डावर पडले होते. रक्कम आपोआप भरली गेली असती तर ती कापली गेली असती आणि मला वर्षभर पत्ता लागला नसता. एखादे सॉफ्टवेअर काय काय करून देते याची यादी आपण नेहमी पाहतो. त्याने मुद्दाम काय आपल्यावर सोडले आहे ते पाहण्याची सवय मला इथे लागली. ग्नूकॅशच्या कर्त्यांनी हे मुद्दाम केले की राहून गेले, याच्याशी मला कर्तव्य नाही.

दुसरा मोठा लाभ नोंद आधी तयार होण्यात आहे. ४ तारखेची नोंद २० तारखेलाच खात्यात पडते, तेव्हा ती पुढच्या तारखेची असल्यामुळे आजच्या नोंदींच्या खाली, एका निळ्या रेघेपलीकडे दिसते. प्रत्येक ओळीपुढे शिल्लक असतेच. खिडकीच्या पट्टीत आजची शिल्लक, पुढच्या सगळ्या नोंदी धरून येणारी शिल्लक, आणि या दरम्यान शिल्लक कमीत कमी किती होईल, असे वेगवेगळे आकडे येतात. त्यातला शेवटचा आकडा मी सगळ्यांत आधी पाहतो.

खानदेशातल्या शेतकरी घराला तो आकडा का महत्त्वाचा आहे, हे सांगितले पाहिजे. आमच्या घरात माझा शिक्षकाचा पगार दरमहा येतो, आणि तोही अमुकच तारखेला येईल असे नाही. शेत धाकटा भाऊ पाहतो आणि त्याचा पैसा कापूस घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन संक्रांतीपर्यंत येतो. खर्चाचा हंगाम मात्र जून ते ऑगस्ट. बियाणे, खत, फवारणीची औषधे, ठिबकच्या नळ्या, मोटारीची दुरुस्ती. कार्डावरची बिनव्याजी मुदत ४५-५० दिवसांची म्हणून हा खर्च कार्डावर घ्यावा, असा मोह होतो, पण पेरणी आणि वेचणी यांच्यात चार-पाच महिन्यांचे अंतर आहे आणि कार्डाचे बिल दर महिन्याला दारात उभे राहते. गावात अजूनही अनेकांना किसान क्रेडिट कार्ड आणि हे क्रेडिट कार्ड एकाच जातीचे वाटतात. नाव सारखे असले तरी एकाची फेड पिकाच्या हंगामाशी बांधलेली असते आणि ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाची वेळेवर फेड केली तर व्याज सालाला शेकडा ४ पडते. दुसऱ्याचे महिन्याला साडेतीन, म्हणजे सालाला शेकडा ४२. हा फरक मी आमच्या आप्पांना समजावू लागलो तेव्हा त्यांनी सुपारी कातरणे न थांबवता निकाल दिला, “उधारी ती उधारीच, दुकाननी काय नि कारडनी काय.”

मागच्या जुलैचे उदाहरण देतो. २२ तारखेला बँकेत ४६,२०० रुपये होते, म्हणजे वरवर पाहता घर सुस्थितीत होते. रेघेपलीकडे ४ ऑगस्टला कार्डाचे २७,८५० रुपये, ५ तारखेला गृहकर्जाचे १४,५०० आणि त्याच आठवड्यात घरखर्चासाठी काढायचे ९,००० अशा नोंदी होत्या. पगाराची नोंद मी सावधगिरीने ७ तारखेला टाकलेली होती. किमान शिल्लकेच्या जागी लाल अक्षरांत उणे ५,१५० आले. हातात पुरते पंधरा दिवस होते, म्हणून आईच्या बचत खात्यातून १०,००० रुपये वळते करून घेतले आणि पगार झाल्यावर परत टाकले. यात चमत्कार काही नाही. जुन्या काळचा मुनीमही शेठला हेच सांगत असे. पण माझ्याकडे मुनीम नाही, आणि बँकेचे ॲप मला फक्त ४६,२०० दाखवत होते. हा आकडा खरा ठरावा यासाठी एकट्या कार्डाचे वेळापत्रक पुरत नाही, हे ओघाने आलेच. पगार, हप्ते, विम्याचा भरणा, मुलीच्या शिकवणीची फी हे सगळे त्यात बसवावे लागते, आणि त्यासाठी एक रविवार जातो.

नोंद झाली म्हणजे पैसे गेले असे मात्र मुळीच नाही, आणि नवख्या माणसाची फसगत व्हायची तर ती इथेच. ग्नूकॅश भारतातल्या कोणत्याही बँकेला पैसे पाठवत नाही. ते वही आहे. पैसे आपल्याला बँकेच्या ॲपमधून, यूपीआयने किंवा आपोआप कापून घेण्याच्या सोयीने पाठवावेच लागतात. दुसऱ्या एखाद्या ॲपमधून बिल भरत असाल तर जुलै २०२४ पासून ते भारत बिल पेमेंट प्रणालीमार्फत जायला हवे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मी आता बँकेतली आपोआप कापण्याची सोय ‘एकूण देय रक्कम’ अशी दुरुस्त करून चालूच ठेवली आहे. ती देय तारखेला काम करते आणि मी ४ तारखेला स्वतः भरतो, म्हणजे ती केवळ राखीव. आपण आधी भरले असता बँक दुसऱ्यांदा कापते की नाही, हे मात्र ज्याने त्याने आपल्या बँकेकडे विचारून घ्यावे.

वहीतही असाच दुहेरीपणा शिरू शकतो. कधी हातात पैसे आले म्हणून मी १ तारखेलाच बिल भरून टाकतो आणि सवयीने ती नोंद हाताने करतो. रेघेपलीकडची ४ तारखेची नोंद तशीच राहते आणि कार्डावर उलट आपलेच पैसे जमा असल्याचे दिसू लागते. योग्य रीत अशी की, नवी नोंद करू नये. तयार असलेल्या नोंदीची तारीखच बदलावी. ‘सिन्स लास्ट रन’च्या खिडकीत प्रत्येक नोंदीपुढे ‘तयार करा’, ‘पुढे ढकला’ आणि ‘दुर्लक्ष करा’ अशा अर्थाचे पर्याय असतात. त्यातला ढकलण्याचा पर्याय कामाचा आहे, पण तो वापरला की खिडकी प्रत्येक वेळी ती नोंद पुन्हा पुढे आणते. मला ही चिकाटी आवडते, पत्नीला ती कटकट वाटते.

स्टेटमेंट आणि वही यांचा ताळमेळ घालण्याची सोय उत्तम आहे. स्टेटमेंटची तारीख आणि शेवटचा आकडा द्यावा, एकेका खरेदीवर खूण करत जावे, फरक शून्य झाला की ‘फिनिश’. कार्डाच्या खात्याचा ताळमेळ संपला की भरणा नोंदवण्यासाठी आपणहून खिडकी उघडावी, अशीही एक निवड सेटिंगमध्ये आहे. ज्यांना वेळापत्रक बसवण्याचा कंटाळा आहे त्यांना ही एवढीच पुरेल. दोन्ही एकत्र चालू ठेवू नये. पुन्हा तोच दुहेरीपणा येतो. मी ती बंद केली, कारण ती भरण्याची नोंद ताळमेळ घातल्यावर करते आणि ताळमेळ माझ्याकडून वार्षिक परीक्षांच्या दिवसांत लांबतो.

तीन दिवस आधीची तारीख का, असे भाऊ विचारतो, कारण देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही, असे त्याने कुठेतरी ऐकले आहे. ऐकले ते खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत ती तरतूद आहे, आणि विलंब शुल्क देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच मोजावे असेही तिथे म्हटले आहे. पण ती सवलत विलंब शुल्कापुरती आणि थकबाकी पतमाहिती कंपन्यांना कळवण्यापुरती आहे. व्याजाला ती लागू आहे असे समजून कुणी वेळापत्रक देय तारखेच्या पुढे ढकलू नये. त्याच निर्देशांत बिलिंगची तारीख बदलून मागण्याचा हक्कही ग्राहकाला दिला आहे, आणि पगाराच्या आधी देय तारीख येणाऱ्यांनी सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी तो वापरलेला बरा.

तुलनेसाठी मी केमायमनी हे दुसरे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर दोन महिने वापरले. कार्डाचे खाते उघडतानाच ते बिलाच्या वेळापत्रकाविषयी विचारते, आणि रक्कम अंदाजे आहे अशी खूण करता येते, म्हणून अंदाज आधी दिसतो आणि खरा आकडा नंतर दुरुस्त करता येतो. ग्नूकॅशमध्ये आकडा दिल्याशिवाय नोंदच दिसत नाही, त्यामुळे दोन-तीन महिने पुढचे पाहायचे असेल तर केमायमनीचे पारडे जड आहे. ज्याला नुसत्या आठवणीची गरज आहे त्याने तेच घ्यावे. मी ग्नूकॅशकडे परतलो ते जमा-नावे अधिक काटेकोर वाटले म्हणून, आणि खरे सांगायचे तर वर्षाचा हिशेब पुन्हा उतरवण्याचा कंटाळा म्हणूनही. ग्नूकॅशचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे, पण मी इंग्रजीच ठेवले, कारण अडचण आली की मदतीची पाने इंग्रजी नावांनीच शोधावी लागतात. खात्यांची नावे मात्र सगळी मराठीत आहेत आणि त्यात काही अडत नाही.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. आठवण मिळते ती ग्नूकॅश उघडले तरच. फोनवर घंटा वाजत नाही. आठवडाभर लग्नासाठी शिरपूरला गेलो आणि लॅपटॉप घरी राहिला, तर वेळापत्रक माझी वाट पाहत बसते आणि देय तारीख काही बसत नाही. म्हणून फोनच्या गजरात ३ तारखेची सकाळ मी वेगळी लावून ठेवली आहे, आणि या सॉफ्टवेअरला पूर्ण गुण न देण्याचे कारण हेच आहे. खिडक्यांची मांडणी जुन्या वळणाची आहे. पत्नीला एकदा दाखवले तेव्हा ‘हे तर बँकेच्या काउंटरमागचे दिसते’ असे ती म्हणाली आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हाची एक गोष्ट मात्र आधी ठाऊक असलेली बरी. लॅपटॉपची बॅटरी माझ्याप्रमाणेच थकलेली असेल आणि तो मध्येच बंद पडला, तर पुढच्या वेळी ग्नूकॅश फाइल उघडताना ‘ही फाइल दुसरे कुणी वापरत आहे’ अशा अर्थाची सूचना देते. घाबरू नये. फाइल उघडी असल्याची खूण म्हणून ग्नूकॅश शेजारी कुलुपासारखी एक लहान फाइल ठेवते, ती मागे राहिल्यामुळे तसे होते. आपल्याच घरात दुसरे कुणी ती उघडलेली नाही याची खात्री करून ‘तरीही उघडा’ म्हणावे. मूळच्या मांडणीत दर पाच मिनिटांनी फाइल आपोआप जतन होते, म्हणून शेवटच्या चार-दोन नोंदीच काय त्या पुन्हा कराव्या लागतात. मी ते अंतर दोन मिनिटांवर आणले आहे, आणि एप्रिल-मेमध्ये कार्डाचा आकडा टंकून झाला की जतन करण्याची कळ आधी दाबतो, मग पंखा फिरतो आहे का ते पाहतो.